शाब्दिक उदाहरण ते असमानता: मांडणी, चिन्ह आणि पडताळणी

‘सर, उत्तर तं बरोबर आलं, मग मार्क कायले कापले?’ असमानतेवरची (म्हणजे = ऐवजी <, >, ≤, ≥ यांची) शाब्दिक उदाहरणं तपासून वह्या परत दिल्या की हा प्रश्न ठरलेला. वहीतली शेवटची ओळ असते: क्ष ≤ १३.३५. गणित संत्र्यांच्या कॅरेटचं आहे, आणि नागपूरच्या कळमना बाजारात १३.३५ कॅरेट कोणी मोजून देत नाही.

चुका बहुतेक दोन जागी होतात. वाक्यातून चिन्हाकडे जाताना, आणि चिन्हातून पुन्हा वाक्याकडे येताना. मधलं बीजगणित बऱ्याच जणांना येतं. तरी सराव होतो तो मधल्याच भागाचा, कारण तो सोपा आहे आणि त्याची उत्तरं पुस्तकाच्या मागे असतात. म्हणून या लेखात दोन्ही टोकांवर जास्त वेळ घालवू. उदाहरणांतले भाव आणि दर समजण्यापुरते धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून ते वापरू नका.

## सुरू करण्याआधी

तीन गोष्टी हाताशी हव्यात. एकचल समीकरण न अडखळता सोडवता यायला हवं. ऋण संख्यांचा क्रम पक्का हवा. आणि संख्यारेषा काढायला लाज वाटता कामा नये.

तपासा: −७ आणि −३ यांपैकी मोठी संख्या कोणती? उत्तर द्यायला क्षणभर जरी थांबावं लागलं, तर आज संख्यारेषेवर दहा-बारा जोड्या मांडा आणि उद्या इथे परत या. हा पाया कच्चा राहिला की चौथ्या टप्प्यावर हमखास गडबड होते.

वहीत उजवीकडे एक उभा समास सोडा आणि त्यात फक्त एककं लिहा: रुपये, लिटर, तास, गुण. निम्म्या चुका या रकान्यातच पकडल्या जातात.

## टप्पा १: आधी गोष्ट वाचा, आकडे नंतर

हे उदाहरण घ्या.

*सीताबर्डीतल्या एका फळविक्रेत्याकडे ८,००० रुपये आहेत. त्याला कळमना बाजारातून संत्री आणायची आहेत. टेम्पोचं भाडं ९०० रुपये, एका कॅरेटचा भाव ५२० रुपये आणि कॅरेटमागे हमाली १२ रुपये. तो जास्तीत जास्त किती कॅरेट आणू शकेल?*

पहिल्या वाचनात आकडे बोटाने झाका आणि विचारा, इथे अडवणारी गोष्ट कोणती? खिशातले पैसे. खर्च त्यांच्यावर गेला की सौदा मोडला. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक आकड्यासमोर लिहा: हा एकदाच लागतो की नगागणिक? टेम्पोचं भाडं एकदाच. कॅरेटचा भाव नगागणिक. हमालीही नगागणिक, कारण ‘कॅरेटमागे’ असं म्हटलंय. ‘मागे’, ‘प्रति’, ‘दर’, ‘एका’ हे शब्द दिसले की तो आकडा चलाला गुणायचा असतो. १२ रुपये एकदाच मिळवून मोकळे होणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, आणि त्यांनी आकडे अगदी नीट उतरवलेले असतात.

जपा: दिलेला प्रत्येक आकडा वापरलाच पाहिजे असं नाही. ‘एका कॅरेटमध्ये २० किलो संत्री मावतात’ हे वाक्य वरच्या उदाहरणात असतं, तरी या प्रश्नासाठी त्याचा उपयोग नव्हता. (पुढे लागेल, तेव्हा काढू.)

## टप्पा २: चल म्हणजे काय, ते पूर्ण वाक्यात लिहा

‘क्ष = कॅरेट’ हे अपुरं आहे. कॅरेटची संख्या, कॅरेटचा भाव की कॅरेटचं वजन? लिहा: *क्ष = आणायच्या कॅरेटची संख्या.* त्याखाली लगेच दुसरी ओळ: *क्ष पूर्ण संख्या, ० किंवा जास्त.*

ही दुसरी ओळ उदाहरणात कुठेच दिलेली नसते. ती तुम्हालाच लिहावी लागते, आणि उत्तराच्या वेळी नेमकी तीच कामाला येते. चल माणसं, ताटं, पेट्या, तासिका यांचा असेल तर पूर्ण संख्या. वेळ, वजन, अंतर, वेग यांचा असेल तर अपूर्णांकही चालतो. आता लिहून ठेवलंत तर पाचव्या टप्प्यावर डोकं खाजवावं लागणार नाही.

जे विचारलंय त्यालाच शक्यतो चल माना. प्रश्न कॅरेटचा असताना ‘क्ष = एकूण खर्च’ मानलं तर गणित सुटतं, पण शेवटी एक पायरी जास्त लागते आणि ती बहुधा विसरली जाते.

## टप्पा ३: सीमा शोधा, मग चिन्ह

इथे घाई करू नका. शब्दांचे ढोबळ गट असे:

- किमान, कमीत कमी, निदान, ‘पेक्षा कमी नको’, ‘एवढे तरी हवेत’: ≥
- कमाल, जास्तीत जास्त, ‘पर्यंत’, ‘पेक्षा जास्त नको’: ≤
- ‘पेक्षा जास्त’, ‘ओलांडल्यावर’: >
- ‘पेक्षा कमी’, ‘पोहोचायच्या आधी’: <

यादी पाठ करून भागलं असतं तर हा लेख लागला नसता. खरे सापळे पुढे आहेत.

‘किमान’ ऐकून ≤ लावणं. किमान म्हटलं की कानात ‘कमी’ वाजतं आणि हात आपोआप ≤ काढतो. यावर उपाय तीन आकड्यांचा. दहावीला विषयात उत्तीर्ण व्हायला किमान ३५ गुण लागतात. ३४ चालतील? नाही. ३५? हो. ३६? हो. म्हणजे ३५ आणि वरचे सगळे, गुण ≥ ३५. सीमेचा आकडा, त्याच्या एक खालचा आणि एक वरचा, या तिघांना एवढाच प्रश्न विचारायचा: चालेल की नाही? चिन्ह आपोआप ठरतं, आणि खाली बरोबरची रेघ हवी की नको तेही.

‘ने’ कडे दुर्लक्ष. ‘मोठ्या भावाचं वय धाकट्यापेक्षा जास्त आहे’ ही असमानता. ‘मोठ्या भावाचं वय धाकट्यापेक्षा ४ वर्षांनी जास्त आहे’ हे समीकरण. ‘४ ने’, ‘४ वर्षांनी’, ‘५० रुपयांनी’ असा नेमका फरक सांगितला की तिथे बेरीज किंवा वजाबाकी आहे, > नाही. दोन्ही वाक्यांत ‘पेक्षा जास्त’ आहे म्हणून दोन्हीकडे > ठोकणं ही मराठी माध्यमातल्या वह्यांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

‘च्या आत’. घरून ‘५०० च्या आत बसव’ असं सांगितलं असेल आणि बिल बरोब्बर ५०० झालं, तर कोणी रागावत नाही. पण ‘५ तासांच्या आत’ म्हटल्यावर पाचवा तास पूर्ण झालेला चालतो का, यावर वाद होऊ शकतो. पेपरात असा शब्द आला तर आपण काय गृहीत धरलं ते एका ओळीत लिहा. तपासणाऱ्यालाही तुमचा विचार दिसतो.

प्रश्नातला ‘जास्तीत जास्त’. संत्र्यांच्या उदाहरणात ‘जास्तीत जास्त’ आहे, पण तो प्रश्नात आहे. खरी सीमा ‘८,००० रुपये आहेत’ या साध्या वाक्यात लपली आहे, आणि त्या वाक्यात सीमेचा एकही शब्द नाही. म्हणून शब्द शोधत बसू नका, अडवणारी गोष्ट शोधा. ‘परवडेल’, ‘पुरेल’, ‘मावेल’, ‘बसेल’, ‘शिल्लक आहे’ असे शब्द दिसले की समजा, सीमा जवळच आहे.

आता चिन्ह लिहिण्याआधी मराठीत सांगाडा लिहा:

*एकूण खर्च, जवळच्या पैशांपेक्षा जास्त नको.*

त्याच सांगाड्यावर आकडे चढवा:

९०० + ५२०क्ष + १२क्ष ≤ ८,०००
म्हणजे ९०० + ५३२क्ष ≤ ८,०००

तपासा: उजवीकडचा समास बघा. ९०० रुपये, ५३२क्ष रुपये, ८,००० रुपये. दोन्ही बाजूंना एकच एकक आहे. एका बाजूला रुपये आणि दुसऱ्या बाजूला कॅरेट आले असते, तर पुढे सोडवण्यात काही अर्थ नव्हता.

## टप्पा ४: सोडवा, आणि चिन्ह कधी उलटतं ते लक्षात ठेवा

संत्र्यांचं उदाहरण दोन ओळींत सुटतं. दोन्ही बाजूंतून ९०० वजा: ५३२क्ष ≤ ७,१००. दोन्ही बाजूंना ५३२ ने भागा: क्ष ≤ १३.३५ (अंदाजे). समीकरणासारखंच, वेगळं काही नाही.

वेगळं काय ते इथे बघा. मे महिन्यातल्या नागपूरकरांना हे उदाहरण समजावून सांगायची गरज नाही.

*कूलरच्या टाकीत ७० लिटर पाणी आहे. दर तासाला ८ लिटर संपतं. पंप कोरडा पडू नये म्हणून टाकीत किमान १० लिटर राहायला हवं. रात्री ११ वाजता कूलर लावला, तर पुन्हा पाणी न भरता तो किती वाजेपर्यंत चालवता येईल?*

त = कूलर चालवण्याचे तास. सांगाडा: *उरलेलं पाणी १० लिटरपेक्षा कमी नको.*

७० − ८त ≥ १०
−८त ≥ −६०

आता −८ ने भागायचं. ऋण संख्येने भागलं किंवा गुणलं की चिन्ह उलटतं:

त ≤ ७.५

म्हणजे ११ पासून साडेसात तास, सकाळी साडेसहापर्यंत.

चिन्ह का उलटतं ते एकदाच बघून घ्या. ३ < ५ हे खरं. दोन्हींना −१ ने गुणा: −३ आणि −५. संख्यारेषेवर −३ उजवीकडे आहे, म्हणून −३ > −५. शून्याच्या पलीकडे गेल्यावर क्रम उलटा होतो, एवढंच.

इथे वहीत तीन प्रकारच्या चुका सापडतात.

पहिली, चिन्ह न उलटणं. त ≥ ७.५ असं लिहिलं, तर अर्थ होतो ‘कूलर निदान साडेसात तास चालवा, म्हणजे पाणी उरेल’. जितका जास्त चालवाल तितकं पाणी जास्त टिकेल? वाक्य मोठ्याने वाचलं की चूक लगेच ऐकू येते.

दुसरी, गरज नसताना उलटणं. ३क्ष ≤ −१२ मध्ये उजवीकडे ऋण चिन्ह आहे, पण आपण भागतोय ते +३ ने. उत्तर क्ष ≤ −४. ज्याने भागतो त्याचं चिन्ह बघायचं, ज्याला भागतो त्याचं नाही. बेरीज-वजाबाकीत चिन्ह कधीच उलटत नाही.

तिसरी जरा लपलेली असते. ऋण टाळायला काही जण शहाणपणाने ८त उजवीकडे नेतात:

७० − १० ≥ ८त
६० ≥ ८त
७.५ ≥ त

इथवर छान. मग ‘चल डावीकडे हवा’ म्हणून बाजू बदलतात आणि लिहितात त ≥ ७.५. बाजू बदलल्या की चिन्हाचं तोंडही फिरलं पाहिजे. चिन्हाचं उघडं तोंड ७.५ कडे होतं, ते ७.५ कडेच राहिलं पाहिजे: त ≤ ७.५.

माझं मत विचाराल तर ऋण सहगुणक येऊच देऊ नये हे बरं. चल ज्या बाजूला धन राहील त्या बाजूला न्या आणि शेवटची ओळ सावकाश फिरवा. परीक्षेच्या घाईत चिन्ह उलटायचं विसरतं, पण ‘६० ≥ ८त’ असं लिहिणारा सहसा चुकत नाही.

जपा: साडेसहा तास ६.५ असतात, ६.३० नाही. वेळेच्या गणितात मिनिटं दशांशात बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: उत्तर खाली ओढायचं, वर न्यायचं की तसंच ठेवायचं

शाळेत शिकलेला ‘.५ किंवा जास्त असेल तर पुढची संख्या’ हा नियम इथे बाजूला ठेवा. इथे दिशा सीमा ठरवते.

संत्र्यांत क्ष ≤ १३.३५ आणि क्ष पूर्ण संख्या. म्हणून १३. उत्तर १३.९ आलं असतं तरी १३ च, कारण चौदाव्या कॅरेटचे पैसे खिशात नाहीत.

त्याच विक्रेत्याचा पुढचा प्रश्न घ्या. १३ कॅरेट, प्रत्येकी २० किलो, म्हणजे २६० किलो. त्यातली २० किलो दबकी, सडकी निघतील असं धरू. विकायला उरली २४० किलो. खर्च झाला ९०० + ५३२ × १३ = ७,८१६ रुपये. त्याला निदान १,५०० रुपये सुटायला हवेत. किलोचा भाव पूर्ण रुपयांत किती ठेवावा?

भ = किलोमागे भाव, रुपयांत.
*विक्री वजा खर्च, १,५०० पेक्षा कमी नको.*

२४०भ − ७,८१६ ≥ १,५००
२४०भ ≥ ९,३१६
भ ≥ ३८.८२ (अंदाजे)

इथे वर जायचं, ३९ रुपये. ३८.१ आलं असतं तरी ३९ च. एकाच दुकानदाराच्या, एकाच दिवसाच्या हिशेबात एकदा खाली आणि एकदा वर, म्हणून ‘नेहमी खाली’ किंवा ‘नेहमी वर’ असा नियम पाठ करण्यात अर्थ नाही.

आणि कूलरच्या ७.५ तासांना हात लावायचा नाही. वेळ पूर्णांकच हवी असं कुणी म्हटलेलं नाही.

## टप्पा ६: तीन ठिकाणी पडताळा

फक्त आलेलं उत्तर मूळ असमानतेत घालून बघणं पुरेसं नाही. चिन्ह उलटं पडलेलं असलं तरी सीमेचा आकडा दोन्हीकडे बसतोच. म्हणून उत्तर, त्याच्या एक आतला आणि एक बाहेरचा आकडा, असे तिन्ही बघा. पडताळणी गोष्टीत करा, वहीतल्या मधल्या ओळीत नाही. मांडणीच चुकली असेल तर मधली ओळ ते लपवते.

१३ कॅरेट: ९०० + ६,९१६ = ७,८१६ रुपये. भागलं, १८४ रुपये उरले.
१४ कॅरेट: ९०० + ७,४४८ = ८,३४८ रुपये. नाही जमत.
१२ कॅरेट: ९०० + ६,३८४ = ७,२८४ रुपये. भागलं.

भाव ३९: ९,३६० − ७,८१६ = १,५४४. चालेल. भाव ३८: ९,१२० − ७,८१६ = १,३०४. कमी पडले. ४० ला तर जास्तच सुटतील, ते तोंडी कळतं.

## टप्पा ७: शेवटची ओळ वाक्यात

‘क्ष = १३’ लिहून थांबू नका. ‘विक्रेता जास्तीत जास्त १३ कॅरेट आणू शकेल.’ ‘किलोचा भाव किमान ३९ रुपये ठेवावा.’ किमान की कमाल हा शब्द उत्तराच्या वाक्यात आलाच पाहिजे, नाहीतर असमानता सोडवून समीकरणाचं उत्तर दिल्यासारखं होतं.

## जिथे जास्त जण अडतात, अशी तीन वळणं

दोन्ही बाजूंना चल. लग्नाच्या जेवणासाठी दोन केटरर बघितले. पहिला १२,००० रुपये ठोक घेतो आणि वर ताटामागे १८०. दुसरा ठोक काही घेत नाही, ताटामागे २४०. पहिला केव्हा स्वस्त पडेल?

क्ष = ताटांची संख्या.
१२,००० + १८०क्ष < २४०क्ष
१२,००० < ६०क्ष
२०० < क्ष

इथे ≤ नको, कारण ‘स्वस्त’ म्हणजे कमीच, बरोबरीचा नाही. २०० ताटांना दोघांचं बिल ४८,०००, तिथे निवड चवीवर करा. २०१ ताटांपासून पहिला स्वस्त. अशा उदाहरणांत आधी बरोबरीचा आकडा काढणं चांगलं, पण तिथेच थांबू नका. त्याच्या कोणत्या बाजूला कोण स्वस्त हाच प्रश्न आहे. ताटं ५० धरून बघा: पहिल्याचे २१,००० आणि दुसऱ्याचे १२,०००. म्हणजे लहान समारंभाला दुसरा.

चल छेदात. अनेक महाविद्यालयांत ७५ टक्के हजेरीची अट असते. एका विद्यार्थ्याने आतापर्यंत झालेल्या ६० तासिकांपैकी ४० ला हजेरी लावली आहे. सत्रात अजून ५० तासिका आहेत. सत्राअखेर ७५ टक्के भरायला निदान किती तासिकांना बसावं लागेल?

एकूण तासिका ११० ठरलेल्या आहेत. क्ष = उरलेल्यांपैकी किती तासिकांना बसला.

(४० + क्ष) ÷ ११० ≥ ०.७५
४० + क्ष ≥ ८२.५
क्ष ≥ ४२.५

म्हणून ४३. म्हणजे उरलेल्या ५० पैकी ७ च बुडवता येतील.

आता प्रश्न किंचित बदला: *आजपासून एकही तासिका न बुडवता किती तासिकांनंतर हजेरी ७५ टक्के होईल?* इथे प्रत्येक तासिकेबरोबर एकूण तासिकाही वाढतात.

(४० + क्ष) ÷ (६० + क्ष) ≥ ३/४

६० + क्ष ने गुणायचं आहे. थांबा. चल असलेल्या राशीने गुणताना आधी तिचं चिन्ह माहीत हवं. क्ष ० किंवा जास्त आहे, म्हणून ६० + क्ष धनच, चिन्ह उलटणार नाही. दुसऱ्या टप्प्यावर लिहिलेली ती ओळ इथे कामी आली.

४(४० + क्ष) ≥ ३(६० + क्ष)
१६० + ४क्ष ≥ १८० + ३क्ष
क्ष ≥ २०

२० तासिकांनंतर ८० पैकी ६०, बरोबर ७५ टक्के. १९ ला ७९ पैकी ५९, ते ७४.७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अजून नाही. दोन्ही प्रश्न ऐकायला जवळजवळ सारखे, पण एकात छेद स्थिर आहे आणि दुसऱ्यात सरकतो. छेद कोणत्या प्रकारचा हे ठरवल्याशिवाय पेन उचलू नका.

दोन्हीकडून मर्यादा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ५२० किलोमीटरचा आहे, आणि सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. वाटेत अर्धा तास थांबून एकूण साडेपाच तासांपेक्षा जास्त लागू नयेत. गाडीचा सरासरी वेग किती असावा?

व = चालतानाचा सरासरी वेग, ताशी किलोमीटर, धन.

५२०/व + ०.५ ≤ ५.५
५२०/व ≤ ५
५२० ≤ ५व
व ≥ १०४

शेवटच्या ओळीत ≥ आलेलं बघून काही जण घाबरून ते ≤ करतात, कारण सुरुवातीला ≤ होतं. अर्थ बघा: वेळ कमी लागायचा असेल तर वेग जास्त हवा. ≥ च बरोबर. वेगमर्यादेमुळे व ≤ १२०. दोन्ही एकत्र: १०४ ≤ व ≤ १२०. दोन अटी असल्या की संख्यारेषेवर दोन्ही पट्टे काढा आणि जिथे एकमेकांवर येतात तोच भाग घ्या.

आता तीच सफर, तोच थांबा, पण एकूण साडेचार तासांत करायची म्हटली तर? ५२०/व ≤ ४, म्हणजे व ≥ १३०. आणि व ≤ १२०. दोन्ही पट्टे कुठेच एकमेकांवर येत नाहीत. अशा वेळी विद्यार्थी आपलं गणित चुकलं समजून खाडाखोड करतात. गणित चुकलेलं नाही. ‘नियम पाळून एवढ्या वेळात पोहोचता येणार नाही’ हेच उत्तर, आणि ते वाक्यात लिहायचं.

## सराव

आधी प्रत्येकाचा मराठी सांगाडा लिहा, मग चिन्ह. उत्तरं खाली आहेत.

१. लिफ्टवर ४०८ किलोची मर्यादा लिहिली आहे. ६५ किलो वजनाचा कामगार ५० किलोच्या सिमेंटच्या गोण्या वर नेतोय. स्वतः बरोबर जाताना एका खेपेत जास्तीत जास्त किती गोण्या?

२. तीन चाचण्यांत ६२, ७१ आणि ५८ गुण. चारही चाचण्यांची सरासरी किमान ६५ हवी. चौथ्या चाचणीत १०० पैकी किती गुण हवेत? आणि सरासरी किमान ७५ हवी असेल तर?

३. एका लसीची साठवण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये करायची आहे. फ्रीजमधला तापमापक फॅरनहाइटचा आहे. तो किती ते किती दाखवायला हवा? (सेल्सिअस = ५(फॅ − ३२) ÷ ९)

४. ५ − २क्ष > ११ सोडवा, आणि क्ष ही खरेदी केलेल्या वह्यांची संख्या असेल तर उत्तर काय ते सांगा.

उत्तरं

१. ६५ + ५०क्ष ≤ ४०८, क्ष ≤ ६.८६. जास्तीत जास्त ६ गोण्या. ७ आलं असेल तर ६.८६ वर नेला आहे, पाचवा टप्पा पुन्हा वाचा. ८ आलं असेल तर कामगाराचं वजन धरायचं राहिलं आहे.

२. १९१ + क्ष ≥ २६०, म्हणून ६९ ते १००. सरासरी ७५ साठी १०९ लागतात, १०० पैकी ते शक्य नाही.

३. २ ≤ ५(फॅ − ३२) ÷ ९ ≤ ८. तिन्ही भागांना ९/५ ने गुणा: ३.६ ≤ फॅ − ३२ ≤ १४.४. म्हणून ३५.६ ते ४६.४ अंश फॅरनहाइट. मधल्याच भागाला गुणून दोन्ही टोकं तशीच ठेवली असतील तर ३४ ते ४० आलं असेल.

४. −२क्ष > ६, क्ष < −३. वह्यांची संख्या ऋण असू शकत नाही, त्यामुळे अशी एकही संख्या नाही. क्ष > −३ आलं असेल तर चिन्ह उलटायचं राहिलं, आणि मग ०, १, २ अशी उत्तरं बरोबर वाटतात. क्ष = ० मूळ ओळीत घालून बघा: ५ > ११.